दाताला विचारणारे सर

ब्रॅकेट चिमट्यात धरला की सर एक डोळा मिटायचे, मान कलती करायचे आणि म्हणायचे, "थांब, दाताला विचारू दे." तारेचा तो इवलासा आधार कुठे चिकटवायचा हे जणू दातच सांगणार होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा अवलिया असेलच.

नवऱ्याची नोकरी कोलकात्यात, सेक्टर फाइव्हला, म्हणून मी नागपूर सोडून तिथल्याच सॉल्ट लेकमधल्या सरांच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागले. बँकेतल्या वडिलांची बदली झाली तेव्हा सर लहानपणीच कोलकात्यात आले आणि इथलेच झाले. पेशंटशी बंगाली, माझ्याशी मराठी आणि चिडले की हिंदी.

मी चष्म्यावर बसवायचं भिंग घेतलं, तर म्हणाले, "अगं, ब्रॅकेट लावायचेत की घड्याळ दुरुस्त करायचंय?" मलाही चेव आला. प्लॅस्टरच्या दातांवर पैज लागली. मी भिंगातून, ते नुसत्या डोळ्यांनी. मोजून पाहिलं तर बरोबरी! मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पाचेक वर्षांनी आठवीतल्या एका मुलीच्या वरच्या सुळ्यावर त्यांनी लावलेला ब्रॅकेट मला अर्धा मिलिमीटर वर दिसला. तसाच राहता तर सुळा शेजारच्या दातांपेक्षा खाली उतरला असता. सर बाहेर गेले होते. मी तो गुपचूप काढून नीट लावला, कार्डावर काही लिहिलं नाही. आपण त्यांचा मान राखतोय, असं वाटलं.

पण सर दर वेळी फोटो काढायचे. पुढच्या महिन्यात त्यांनी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून शेजारी शेजारी लावले आणि मला बोलावलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, सर."

"आणि बाकीच्या पोरांचं काय? त्यांचे दात तू कुठे पाहिलेस?"

मला माझीच लाज वाटली. अजूनही वाटते.

पुढचे पंधरा दिवस एकेका पेशंटला बोलावून आम्ही सगळे ब्रॅकेट तपासले. तिघांचे चुकले होते. तिन्ही आयांना सरांनी स्वतः सांगितलं, "भूल आमार." चूक माझी.

तिसरी मुलगी खुर्चीत बसली आणि मला भिंग लावताना पाहून घाबरली. तिने बंगालीत सरांना विचारलं, तुम्ही नाही करणार?

"ना मा," सर म्हणाले, "ओर चोख भालो." नाही बाळ, हिचे डोळे चांगले आहेत.

माझं काम संपेपर्यंत ते शेजारी उभे राहून मला दिवा सारखा करून देत होते. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना माझ्यावर सोपवून त्यांनी येणं बंद केलं.