ताईचा चष्मा

त्रिफळ्याच्या पाण्याचा वास आला की महायुद्धाच्या दिवसांतलं आमचं साताऱ्याचं स्वयंपाकघर आठवतं. ताईला लांबचं दिसत नसे. डॉक्टरांनी चष्मा दिला होता, पण चष्म्यानं डोळे आणखी बिघडतात आणि मुलीचं लग्न अडतं, असं आई म्हणे. म्हणून चष्मा कपाटात पडून असे आणि नंबर वाढू नये म्हणून आई रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्यानं ताईचे डोळे धुवी. ती पंधरा वर्षांची आणि मी दहाची असताना सांगलीहून तिला पाहायला आले. बैठकीतून ती आत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "मला नुसतं पांढरं धोतर दिसलं गं. कसे आहेत? तरुण आहेत ना?" मी त्यांचे पिकलेले केस पाहिले होते. बिजवर आहेत हेही ऐकलं होतं. तिच्या मागून आईनं माझ्यावर डोळे वटारले. "हो, तरुण आहेत," मी म्हणाले. ताई लाजून हसली. महिन्याभरात लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा ते तिच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि एवढं जवळचं तिला स्वच्छ दिसायचं. तिनं वर पाहिलं. माळ तिच्या हातात तशीच राहिली. मग डोळे बारीक करून ती गर्दीत मला शोधू लागली. मी समोरच उभी होते, पण तिला दिसत नव्हते. मी हाक मारली नाही. ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही. ती विचारेल म्हणून मी मात्र जन्मभर घाबरत राहिले.