गेट्टीमेळमच्या वेळी न आलेली बोट

चमत्कार-बिमत्कार मी कधी मानलं नाही. पोटामागं धावताना फुरसत कुठली? नात लिहून घेतेय, मी सांगते.

साठ सालानंतरची गोष्ट. मद्रासला एग्मोर स्टेशनामागं एका खोलीत राहायचो. आमचे हे लग्नाला माइक-सेट भाड्यानं द्यायचे, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला. त्या वर्षी त्यांची छाती बिघडली, खाटेवरून उठवेना. मग सेट घेऊन मीच जायची... घरात तीन पोरं.

एका लग्नात सकाळीच कर्ण्यातून सुरू झालं — फट-फट-फट. मोटारबोटीसारखा आवाज, म्हणून मेकॅनिक त्याला 'बोट' म्हणायचे. ह्यांनी समजावलं होतं, "अगं, आत विजेचा एकच नळ, त्यावर व्हॉल्व्हची तीन बिऱ्हाडं. खालच्यानं चावी सोडली की वरच्याची धार तुटते. म्हणून प्रत्येकाला आपला हंडा. कंडेन्सर म्हणजे तो हंडा. तो गेला की बोट."

नवरीचा मामा तमिळमध्ये ओरडला, "काय अम्मा, माइक आणलात की कोवलमच्या कोळ्यांची होडी?" सगळे हसले. नवरीचे वडील नाही हसले. "ताली बांधताना हे वाजलं तर ह्या भागात तुम्हाला कुणी बोलावणार नाही."

तिकडं ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना गेट्टीमेळम वाजवतात — ढोल, नादस्वरम सगळं एकदम जोरात, म्हणजे वाईट आवाज कानी पडू नये. आणि एवढा दणका बसला की बोट जास्तच फटफटते!

सेट बंद करून उघडला. जुना कंडेन्सर कापून काढला, ह्यांनी बरोबर दिलेला नवा कमरेला खोचला होता. सोल्डरची सळई तापायच्या आतच हाका — "अम्मा, सीक्रम, लवकर! मुहूर्त!" झाकण लावलं, बटण दाबलं.

गेट्टीमेळम झाला... काय आवाज हो! स्वच्छ. त्यानंतर भटजींचा शब्द न् शब्द. अंगावर काटा आला. मामासुद्धा मान डोलावू लागला.

घरी येऊन पदर सोडला, तर कमरेतून नवा कंडेन्सर टपकन पडला. गडबडीत बसवलाच नव्हता!

ह्यांनी कसंबसं उठून सेट लावला — फट-फट-फट. "तिथली वीज वेगळी असेल," म्हणाले. दोन दिवसांनी तसाच सेट मी त्याच हॉलमध्ये नेऊन लावला. तिथंही बोट.

मग नवा बसवला, पुढं त्याच वडिलांनी धाकटीच्या लग्नाला आम्हालाच बोलावलं. पोरं जगली.

पण मी हॉलवरून परतले त्या दिवशी हे, कधी देवाला हात न जोडणारा माणूस, माझ्याकडं बघतच राहिले. "हंडाच नव्हता... मग तू केलंस तरी काय?"

"काही नाही केलं," म्हटलं.

किती मेकॅनिकांना विचारलं. सगळे म्हणतात, असं होत नाही. झालं मात्र. आणि मी काही केलं नव्हतं.