ट्रकच्या पोटात मिसळणाचा डबा

आमच्या ट्रकची टाकी भरलेली होती आणि ट्रक डिझेलवाचून बंद पडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींना मी एकटी जबाबदार आहे.

मी सुकापूरची. आमच्याकडे पूर्वी शेतात भात उगवायचा, आता टॉवर उगवतात. जमिनी गेल्या तशा घरोघरी होडीएवढ्या लांब गाड्या आल्या (त्या दारात उभ्याच असतात, कारण रस्ता कायम खणलेला!) आणि आमच्या ह्यांनी घेतला एक जुना ट्रक. त्यातून माझा रोशन खडी वाहतो. ट्रक सपाटीवर शहाणा, पण चढ लागला की दोनदा खोकायचा आणि झोपायचा.

असाच एकदा तो डोंगरावरच्या गावात झोपला, मागे घसरला आणि दामाशेठच्या तुळशीवृंदावनाला जाऊन टेकला. आता दामाशेठ म्हणजे कोण? त्यांच्या प्राजक्ताशी रोशनचं लग्न जुळत होतं!

दामाशेठ शांतपणे म्हणाले, "पोरगा बरा हाय तुमचा. पन ज्याचा ट्रक माज्या दारात चढत नाय, तो माजी पोर काय सांभालनार? रविवारी सगली ह्याच ट्रकानं या. चढलात तर साखरपुडा, नायतर चा पिऊन परत जा."

घरी आलो. रोशन सांगायला लागला, "आई, टाकी अर्धी असली की चढावर डिझेल मागं धावतं. इंजिनाला जाणारा पाइप पुढं. तो नुसती हवा ओढतो."

टाकी अर्धी का, तर ह्यांचा नियम! एकदा जासईला कंटेनरच्या रांगेत कुणीतरी भरल्या टाकीतलं डिझेल पळवलं, तेव्हापासून आमच्या टाकीला एकादशीच.

तेवढ्यात माझं लक्ष मिसळणाच्या डब्याकडे गेलं. (इथून पुढचा सगळा दोष माझा.) मी डबा उचलून तिरका धरला. "हे बघा! ह्यात हळद, ह्यात तिखट, ह्यात मोहरी. डबा वाकडा केला तरी हळद तिखटात जाते का? टाकीत कप्पे करा!"

ह्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं बघितलं. तिथेच माझं डोकं फिरलं.

पळस्प्याला शकीलभाई वेल्डर. त्यानं टाकी रिकामी करून धुतली, कापली आणि म्हणाला, "अम्मा, आयडिया सही है. दोन पत्रे आडवे मारतो, खाली छेद ठेवतो."

"भोकं कशाला?"

"डिझेल हळूहळू इकडून तिकडे गेलं पाहिजे ना!"

"अरे, जाऊ नये म्हणून तर कप्पे! भोकं पाडलेला मिसळणाचा डबा बघितलायस कधी?"

"अम्मा, ये टाकी है, डब्बा नही..."

"मी सून असल्यापासून डबा सांभाळत्येय! एक भोक दिसलं तर टाकी परत कापायला लावीन!"

मी खुर्ची टाकून दिवसभर तिथे बसले. शकीलभाईनं एकदा रोशनकडे, एकदा आभाळाकडे बघितलं आणि पत्रे कडेकोट जोडले. इंजिन चालू करून बघायला पाइपाच्या कप्प्याला वेगळं झाकण ठेवून त्यात कॅनभर डिझेल ओतलं. ट्रक असा गुरगुरला की मी त्याला हळदकुंकू लावलं.

रविवारी शुभकार्य म्हणून ह्यांनी नियम मोडला. पंपावर ऐटीत म्हणाले, "फुल कर!" तर काय, पूर्वी लागायचं त्याच्या निम्म्याहून कमी डिझेलात टाकी फुल! काटासुद्धा फुल!

"बघ गो," हे म्हणाले, "तुज्या डब्यानं टाकीची भूकपन कमी केली!"

मी लाजले. (लाजायच्या ऐवजी विचार केला असता तर!)

मागे खुर्च्यांवर बारा पाहुणे, पुढे मी पैठणीत, मांडीवर पेढे. चढ लागला. ट्रक चढतोय, मी वळून वळून सगळ्यांकडे बघतेय. दामाशेठचं दार आलं, वृंदावन दिसलं आणि ट्रक दोनदा खोकला.

झोपला!

"दगड लावा! चाकाला दगड!" सगळे ओरडले. माझी नणंद खुर्चीसकट मागच्या फाळक्याला जाऊन चिकटली. "वहिनी, टाकीला कप्पे केलेस, मला पन एक करायचा होता!"

दामाशेठ ओटीवरून म्हणाले, "चा ठेवा गो!"

रोशनचा चेहरा बघवेना. काटा फुल दाखवतोय, इंजिन कोरडं. तेवढ्यात साडी खोचून प्राजक्ता आली. (आयटीआय झालेली पोर.) तिनं पान्यानं टाकी ठोकली. एकीकडे ठप्प, दुसरीकडे ठण्ण!

"मावशी, टाकीत भिंत कुणी घातली? पंपावरचं डिझेल पलीकडेच अडकलंय!"

ट्रकभर माणसांनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

तिनं झाकणं उघडली, अंगणातली रबरी नळी लावली आणि भरल्या कप्प्यातलं डिझेल पाइपाच्या कप्प्यात उतरवलं. इंजिन सुरू झालं. ट्रक उरलेला चढ चढून थेट वृंदावनाच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"चढला!" आमचे हे ओरडले.

"चढला. पन चढवला माज्या पोरीनं," दामाशेठ म्हणाले. "तवा आता अट तिची."

प्राजक्ता हात पुसत म्हणाली, "मुलगा पसंत आहे. सासूबाईंनी गॅरेजमध्ये पाय ठेवायचा नाही."

"मंजूर!" माझ्या आधी घरचे सगळे म्हणाले.

मग हळूच मला विचारते, "मावशी, आधीपासून टाकी पूर्ण भरूनच चढ चढला असता तर?"

मी पेढा तिच्या तोंडात कोंबला.

आता सून घरात आहे. तिनं पत्र्यांना भोकं पाडून घेतली, ट्रक वाऱ्यासारखा डोंगर चढतो. मी स्वयंपाकघरात. परवा फळीवरून मिसळणाचा डबा काढायला गेले, तर डबा कललेला. झाकण उघडलं, तर हळदीत तिखट, तिखटात मोहरी, मोहरीत हळद!

जेवताना हे म्हणाले, "आज कालवणाला येगलीच चव हाय. काय केलंस?"

म्हटलं, "डब्याला भोकं पाडलीत!"