इराणी बंगल्यावरची पाटी

जुनं घर मोजायला टेपची दोन टोकं धरणारी दोन माणसं पुरतात. पण तिसरं माणूस न बोलावता येतं, टेपवर पाय ठेवून उभं राहतं आणि किस्सा सांगतं! बोर्डीतल्या जुन्या घरांचा नकाशा वाचनालयाच्या भिंतीसाठी करायचं मी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आणि हरीशभाई सुतारांनी ठरवलं. वहीत पुढून मापं आणि मागून किस्से लिहीत गेलो. आता किस्से मापांवर चढलेत.

*

पहिल्याच आठवड्यात चार घरांत एकच गोष्ट ऐकली. स्वातंत्र्याच्या आधी एक मोठे पुढारी गावात भाषणाला आले होते आणि दुपारी "आमच्याकडेच" जेवले. चारही घरांत, त्याच दुपारी! चौथ्या घराने तर ताटही काढून दाखवलं.

हरीशभाईंनी शांतपणे टेप गुंडाळला. "मास्तर, मग भाषण त्यांनी आडवं पडूनच केलं असणार!"

*

चिकूच्या वाडीतल्या एका घराला वरच्या मजल्यावर सागवानी दार आहे. बाहेर गॅलरीच नाही! ती वादळात पडली, त्याला पंधरा वर्षं झाली. पण दाराला आतून हे एवढं कुलूप.

"काकी, इथून चोर येणार कसा?"

"चोरासाठी नाही हो, आमच्या ह्यांच्यासाठी! अजून सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत निघतात."

*

मग आला इराणी बंगला. लाल कौलं, उंच जोतं, पुढे बसायला ऐसपैस ओटला. वरोरच्या दामूभाऊ तांडेलांनी तो तीस वर्षांपूर्वी घेतला, समुद्रावर घालवलेल्या सगळ्या आयुष्याच्या कमाईतून. गेटवर संगमरवरी पाटी लावली, 'तांडेल निवास'. दर रविवारी ती स्वतः पुसतात. पण आमच्या गावात घराला जुन्या मालकाचंच नाव चिकटतं. पोस्टमन, दूधवाला, रिक्षावाले, सगळ्यांच्या लेखी तो इराणी बंगलाच!

मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर दामूभाऊंनी हट्टाने 'तांडेल निवास' छापलं. वऱ्हाडाची बस गावात तीन चकरा मारत राहिली. इकडे मुहूर्त जवळ आला. शेवटी दामूभाऊच फोनवर ओरडले, "अहो, कोणालाही इराणी बंगला विचारा ना!"

*

आम्ही तिथे मापं घ्यायला गेलो, तेव्हा दामूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण लोकांच्या तोंडात नाही. नकाशावर तेवढं टाका. माझ्या डोळ्यांदेखत एकदा तरी हे घर माझं होऊ दे."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसलो नाही. नकाशावर ठळक अक्षरांत 'तांडेल निवास' लिहिलं.

मागे विहिरीपाशी त्यांची बायको, कमळवहिनी, पांढऱ्या संगमरवरी दगडावर मासे साफ करत होत्या. हरीशभाई हळहळले. "अरे रे, वहिनी, असला सरस दगड मासे कापायला?"

"घर घेतलं तेव्हापासून इथंच पडलाय. बोंबील काय छान साफ होतात याच्यावर!"

*

नकाशा भिंतीवर लागला आणि पुढच्याच रविवारी एक तरुण इराणी वाचनालयात आला. पुण्याहून, आजोबांचं घर बघायला. नकाशावर बोट फिरवून फिरवून थकला.

"अंकल, यात वकील बंगला कुठे आहे?"

हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं! त्याने मोबाइलवर जुना फोटो दाखवला. ओटला दामूभाऊंचा! हरीशभाईंना बरोबर घेऊन त्याला तिकडे नेलं.

चहा पिता पिता तो सांगू लागला. "आजोबांनी हा एका वकिलाकडून घेतला. आजोबा असेपर्यंत गाव याला वकील बंगलाच म्हणायचं. आजोबांनी नावाची पाटी लावली, दहा वर्षं सगळ्यांशी भांडले. मग एक दिवस रागाने ती काढली आणि मागे विहिरीपाशी टाकून दिली. आजी सांगायची."

दामूभाऊंनी कप खाली ठेवला आणि ते मागच्या दारी निघाले. आम्ही सगळे मागोमाग. हरीशभाईंनी पहार लावून दगड उलटा केला. वहिनींनी बादलीभर पाणी ओतलं. माती वाहून गेली आणि गुजरातीत कोरलेली अक्षरं वर आली, 'ईरानी विला'.

दामूभाऊ त्या अक्षरांकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून घराच्या कडेने दिसणाऱ्या, गेटवरच्या आपल्या पाटीकडे पाहिलं.

कमळवहिनींनीही तिकडे पाहिलं. पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं झालं. हा दगड तसाही मधे झिजलाच होता. माशांना नवा हवाच होता."