बिनआईची पिल्लं

द्रौपदाबाईंच्या माहेरी, एरंडोलजवळच्या खेड्यात, कोंबड्यांना कुणी वाढवत नसे. त्या आपसूक वाढत. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसे, पिल्लं काढी आणि पंखाखाली घेऊन अंगणभर हिंडे. त्यामुळे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, पिंप्राळ्याच्या नव्या घरी नवरा यादव खोक्यात भरून कालच जन्मलेली पिल्लं घेऊन आला, तेव्हा त्यांना हसूच आलं.

"आन् यांची माय कुठं?"

"आता तूच," म्हणत यादव भुसावळला रेल्वेच्या ड्यूटीवर गेला.

पिल्लांना पाणीसुद्धा कळेना. द्रौपदाबाईंनी एकेकाची चोच ताटलीत बुडवून त्यांना प्यायला शिकवलं. ओसरीत डालग्याखाली बल्ब टांगला, भुईमुगाची टरफलं अंथरली. पिल्लं बल्बखाली दाटली की बल्ब खाली घ्यायचा, पांगून धापा टाकू लागली की वर. दोन दिवसांत हात बसला.

भिंतीपलीकडे किराणा दुकानदार लालचंदांचं जैन कुटुंब राहत होतं. त्यांच्या बायकोनं, मोहनबाईंनी, भिंतीवरून बजावलं, "वास आला तर मी बोलणार हं, द्रौपदाबाई. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही."

द्रौपदाबाईंना ते लागलं. त्यानंतर कपडे वाळत घालताना त्या भिंतीकडे पाठ करू लागल्या.

जानेवारीतल्या एका सकाळी लाइट गेली. थंडी मरणाची. पिल्लं एकमेकांवर चढू लागली, खालची चिरडू लागली. द्रौपदाबाई त्यांना हातानं बाजूला करत, तोवर ती पुन्हा ढीग करत. घरातलं रॉकेल नेमकं संपलेलं. चिवचिवाट ऐकून मोहनबाई भिंतीशी आल्या.

"काय झालं?"

"लाइट गई, भाभी. बठ्ठा पिल्लं गारठी ग्यात!" घाबरल्या की द्रौपदाबाईंच्या तोंडी माहेरची बोली येई.

मोहनबाई आत गेल्या. फाटक वाजलं. दुधाखालची निखाऱ्यांची शेगडी फडक्यात धरून त्या ओसरीत आल्या. पहिल्यांदाच.

"अशा काय बघता? जीव जाताना बघत बसू का मी?"

शेगडी जरा लांब ठेवून दोघींनी डालग्याभोवती गोणपाटाचा आडोसा केला. एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. मोहनबाईंनी ते पदरात घेतलं, तोंडाची वाफ देत राहिल्या. हळूहळू बाकीची पिल्लं मोकळी झाली, दाणे टिपू लागली. पदरातलं मात्र हललं नाही. द्रौपदाबाईंनी हात पुढे केला, तरी मोहनबाई बराच वेळ ते देईनात.

"एवढंसं तर होतं," त्या म्हणाल्या.

लिंबाच्या झाडाखाली दोघींनी ते पुरलं. लाइट दुपारी आली. मग द्रौपदाबाईंनी काळा चहा केला, आणि मोहनबाई तो ओसरीतच बसून प्यायल्या.

उन्हाळ्यात पिल्लांना तुरे फुटले, पावसाळ्यात एका तांबड्या कोंबडीनं कोपऱ्यातल्या भुशात पहिलं अंडं घातलं. आनंदाच्या भरात द्रौपदाबाईंनी भिंतीवरून हाक मारली आणि लगेच जीभ चावली. पण मोहनबाई आल्या.

"हात नाही लावणार. बघते फक्त." त्यांनी वाकून पाहिलं. "कोणी घातलं?"

"ही, तांबडी."

मोहनबाईंनी कोंबडीला नीट न्याहाळलं.

"दिसते तर किती गरीब, आणि उद्योग बघा हिचे," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.