काठावरची बोंडे
अकरा वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका दुपारी, पवनारजवळच्या एका विणकाम केंद्राने एका विणकर बाईंची साडी नाकारली. कोऱ्या सुती कापडाच्या खळीचा वास आला की ती दुपार आठवते. मी केंद्राची बातमी करायला गेलो होतो. भिंतीवर 'स्वावलंबन' असा फलक होता आणि त्याखाली मंजूर काठांचा तक्ता. तक्त्यातली सरळ रेघ सोडून बाईंनी साडीच्या काठात कापसाची फुटलेली बोंडे विणली होती. व्यवस्थापकांनी काठावरून दोनदा हात फिरवला. "मले आवडलं, मावशी. पण तक्त्यात नाई," ते म्हणाले. "मंग बायकांले तक्ताच नेसवा नं, भाऊ," बाई म्हणाल्या. शेजारच्या मागावर कोणीतरी हसले. व्यवस्थापक हसले नाहीत. पुन्हा असे झाले तर माग दुसरीला द्यावा लागेल, असे त्यांनी सांगितले. बाईंनी साडीची नीट घडी घातली. दुसऱ्या दिवशी मी छायाचित्रासाठी गेलो, तेव्हा त्या तीच साडी नेसून मागावर बसल्या होत्या आणि सरळ रेघेचा काठ विणत होत्या. वर्तमानपत्रात छायाचित्र कापून छापले गेले. त्यात माग आणि हात एवढेच आले. मूळ प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात बोंडे दिसतात.