तेवीस नंबरचा हिरडा

तेवीस नंबरच्या झाडापाशी पोचलो तेव्हा तिथे झाड नव्हतं.

पुढे मेळावा भरवणाऱ्या संस्थेच्या मॅडम, त्यांच्यामागे टोप्या घातलेली तीस-पस्तीस पुण्याची मंडळी आणि त्यांची मुलं, आणि सगळ्यांच्या मागे मी, हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. एखादा आकडा उडाला असेल तर जागच्या जागी दुरुस्त करायला मला बरोबर घेतलं होतं. मॅडमनी कागदावरून वाचलं, "तेवीस. हिरडा," आणि मान वर केली. समोर गुडघ्याएवढा बुंधा होता. झाड उताराला आडवं पडलं होतं. खोडावरचा माझा पांढरा पट्टा आणि त्यावरचा माझा आकडा बरोबर आभाळाकडे तोंड करून होता.

चोवीस आणि पंचवीसचीही तीच गत. फांद्यांना फुलांचे तुरे तसेच होते, फक्त सुकलेले. सव्वीस उभं होतं, पण त्याला दोन ताजे घाव होते. त्याच्या मुळाशी एक म्हातारा कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता.

येताना वाटेत ठक ठक आवाज येत होता. एका मुलीने विचारलं, सुतारपक्षी का? मॅडम म्हणाल्या, असेल. सगळे थांबून ऐकत राहिले, मीही ऐकलं. मी खेड्यात वाढलेला माणूस, कुऱ्हाडीचा आवाज मला कळायला हवा होता. पण माझं लक्ष माझ्या आकड्यांवर होतं.

मी पेंटर. घोडेगावात माझं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, यात्रेच्या कमानी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, सगळं हाताने लिहिलं. फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला. आता लोक मला बोलावतात ते फ्लेक्स चालत नाही तिथेच. हे काम तसंच आलं. तळेघरच्या पुढे अभयारण्याच्या कडेला एका संस्थेने वसंत मेळावा भरवायचा ठरवला होता. सकाळी पक्षी बघायचे, मग झाडांची ओळख, दुपारी वाडीतल्या बायकांच्या हातची नाचणीची भाकरी, संध्याकाळी मुलांनी शेकरूचं चित्र काढायचं. जंगलात प्लॅस्टिक नको, म्हणून पाट्या लाकडी आणि अक्षर हाताचं. पायवाटेच्या कडेच्या चाळीस झाडांना नंबर टाकायचे आणि पाहुण्यांच्या हातात नावांचा कागद द्यायचा, अशी मॅडमची योजना होती. चांगली योजना होती, अजूनही मला तसंच वाटतं.

झाडावर आकडा टाकणं हे भिंतीवर टाकण्यासारखं नसतं. साल खरबरीत असते. आधी लोखंडी पत्रीने ती वरवर खरवडायची, आतल्या ओल्या सालीला धक्का न लावता. मग पांढऱ्या ऑइल पेंटचा पट्टा मारायचा. तो रात्रभर वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर काळा आकडा. हे मला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते. आता ते नाहीत. त्यांचा दोन मला फार आवडायचा. खालची शेपूट लांब ओढून ते ती पुढच्या आकड्याच्या पोटाखाली न्यायचे. मी तो दोन घोटून घोटून उचलला. लोक माझं अक्षर बघून म्हणतात, हात उस्तादांचाच.

उस्ताद एक गोष्ट नेहमी सांगायचे. "आपला आकडा पाण्यात बुडाला तरी पुसत नाही." मला वाटायचं, म्हातारा बढाई मारतोय. आमच्या धंद्यात रंगाची बढाई सगळेच मारतात.

मेळाव्याच्या बारा दिवस आधी मी तिकडे दोन दिवस होतो. शिमगा नुकताच झाला होता. पांगाऱ्याला पान नव्हतं, नुसती लाल फुलं होती. तेवीस ते सत्तावीस ही पाच झाडं जंगलातली नव्हती. ती वाडीतल्या चिंधूबाबांच्या मालकीच्या उतारावर होती आणि पायवाट तिथून जात होती. मॅडमनी परवानगी घेतली होती. बाबांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला फोन केला होता. तो म्हणाला, टाका की, मी बाबांना सांगतो. आणि मग शिफ्टच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. त्याला मी दोष देत नाही.

पहिल्या दिवशी मी पट्टे मारत होतो तेव्हा बाबांनी पाणी आणून दिलं. थोडं अंतर ठेवून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आकडे टाकायला गेलो तेव्हाही ते तिथेच होते. तेवीस झाला, चोवीस झाला. तेव्हा त्यांनी विचारलं, "पेंटर, आकडा कशापायी?"

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या पेंटरला दिवसात वीस माणसं विचारतात, काय लिहिताय, कोणासाठी, कशासाठी. प्रत्येकाला सांगत बसलं तर पाच पाच मिनिटं जातात आणि ब्रश वाळतो. म्हणून आमचं एक ठरलेलं उत्तर असतं. ते दिलं की माणूस पुढचं विचारत नाही आणि निघून जातो. तोंडातून ते आपोआप निघतं. मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, "वरून ऑर्डर आहे बाबा. मोजणी आहे."

बाबा निघून गेले. मला बरं वाटलं. उरलेले तीन आकडे सलग झाले आणि छान आले.

आणि आता, मेळाव्याच्या दिवशी, तेच बाबा सव्वीसच्या मुळाशी बसले होते. मॅडमनी मंडळींना पुढच्या वळणावर जायला सांगितलं आणि स्वतः थांबल्या. त्या काही विचारणार, त्याआधी बाबांनी मला ओळखलं.

"आलास का मोजायला?" ते म्हणाले. "तीन न्हाईत आता. दोन हायेत, ती बी ऱ्हानार न्हाईत."

मी विचारलं, "बाबा, का तोडली?"

त्यांनी जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, मी सलग सांगतो. त्यांचं पहिलं घर खाली नदीकाठी होतं. धरण व्हायचं ठरलं तेव्हा माणसं आली आणि त्यांनी झाडं मोजली. प्रत्येक झाडाला पांढरा पट्टा आणि काळा आकडा. आकडा पडला की झाड सरकारचं, आता त्याला कुऱ्हाड लावायची नाही, असं बजावून गेली. बाबांनी लावली नाही. घर सोडून वर आले तेव्हा खालच्या हिरड्यांची फळं एका पाटीत भरून आणली. ती रुजवली. हिरडा लवकर रुजत नाही. पाटीभर फळांतून पाच झाडं जगली. ती मोठी व्हायला बाबांची अर्धी जिंदगी गेली. फुलं गळून बारीक फळ धरलं की तो बाळहिरडा काढून वाळवायचा, औषधवाले नेतात. म्हाताऱ्या-म्हातारीचं वर्ष त्यावरच निघायचं.

खालची झाडं मात्र पाण्यात उभी राहिली. लगेच पडली नाहीत. दर उन्हाळ्यात धरण आटलं की ती वर यायची, पान नाही, साल सुटलेली.

"आनी आकडा तसाच," बाबा म्हणाले. "सगळं कुजलं, आकडा कुजला न्हाई. लई उन्हाळे बघितला म्या. आता या वयात पुन्यांदा पान्यात उभी मरताना बगायची व्हती व्हय? त्यापरीस आपल्या हातानं पाडली."

मग त्यांनी आडव्या पडलेल्या तेवीसवर कुऱ्हाडीचा दांडा टेकवून दाखवलं. "ह्यो दोन. ही शेपूट. तवा बी अशीच व्हती. बघितल्या बघितल्या वळाकली म्या. तवा तूच व्हतास का रं?"

मी म्हणालो, "नाही बाबा. माझे उस्ताद होते." उस्ताद काय सांगायचे ते मला तेव्हा तिथे कळलं. त्यांनी बढाई मारली नव्हती. त्यांनी स्वतः पाहिलं असणार. मी खाली बसलो.

सांगायला मॅडम पुढे झाल्या होत्या, पण सांगायचं मला होतं. मी म्हणालो, "बाबा, धरण नाही. मोजणी नाही. गाव हलणार नाही. पुण्याच्या पोरांना झाडांची ओळख व्हावी म्हणून नंबर टाकलेत. हा तेवीस म्हणजे कागदावर तेवीसपुढे हिरडा लिहिलंय, एवढंच."

त्यांना ते पटकन समजलं नाही. मॅडमच्या हातातला कागद त्यांनी घेतला, उलटा धरला, परत दिला. मग पुढच्या वळणाकडे बघितलं. तिथे मुलं अठ्ठावीस नंबरच्या जांभळाभोवती जमून ओरडत होती.

"पोरान्ला दावायला?"

"हो बाबा."

ते पडलेल्या झाडांकडे वळले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग इतकंच म्हणाले, "मंग तवाच सांगायचं व्हतंस की राव. म्या इचारलं व्हतं तुला."

मी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.

मेळावा पार पडला. पाहुण्यांना भाकरी आवडली, मुलांनी शेकरू काढलं. मॅडम दिवसभर हसून बोलत होत्या, पण पंगतीत त्या जेवल्या नाहीत हे मी पाहिलं. संध्याकाळी त्यांनी बाबांच्या मुलाला फोन लावला. दोन दिवसांनी तो आला. पडलेल्या झाडांपाशी उभा राहून कपाळाला हात लावून रडला. बाबांनीच त्याला गप्प केलं.

मी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीच पत्री आणि टर्पेंटाइन घेऊन पुन्हा गेलो. उरलेल्या दोन झाडांवरचे आकडे पुसायचे होते. तासभर घासलं. वरचा रंग निघाला, पण सालीच्या भेगांत शिरलेला निघेना. जास्त घासलं तर साल जाणार आणि सव्वीसला आधीच दोन घाव झालेले. बाबा शेणाची पाटी घेऊन आले. त्यांनी आधी सव्वीसचे घाव लिंपले, मग माझा आकडा. सत्तावीसचाही. माझा हात धरून मला बाजूला केलं आणि स्वतः लिंपलं.

या वर्षी शिमग्यानंतर मी मुद्दाम तिकडे गेलो, काम काही नव्हतं. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी चहा दिला. आम्ही पावसाबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोललो. दोन झाडांचा बाळहिरडा कितीसा येणार, म्हणून म्हातारी आता मुलाकडे चाकणला असते. बाबा जात नाहीत. निघताना मी उताराने खाली आलो. पावसाने शेण धुऊन नेलं होतं. सव्वीस लांबूनही वाचता येत होता, दोनाची शेपूट सहाच्या पोटाखाली गेलेली.

उस्तादांचा हात मी सोडला नाही, आता तो सुटणारही नाही. एक गोष्ट मात्र बदलली आहे. काम चालू असताना कोणी विचारलं, काय लिहिताय, तर मी ब्रश डब्यावर आडवा ठेवतो, मागे वळतो आणि सांगतो, काय लिहितोय, कोणासाठी, कशासाठी. पाच मिनिटं लागतात.